बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र वाचून प्रतिसाद लिहायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे पत्र अभ्यासाला लागलं की विद्यार्थी थोड्याफार फरकाने तेच प्रश्न घेऊन येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. सगळी वाचायला वेळ नसेल तर निदान आठ धर्मगुरूंचा आणि ‘मला पत्र पटलं’ हा, असे दोन प्रश्न वगळू नका.

हे पत्र कधी आणि कशामुळे लिहिलं गेलं?

१९६३ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम हे पोलादाच्या कारखान्यांचं मोठं शहर होतं. दुकानांमधले खाण्याचे काउंटर, स्वच्छतागृहं, पाण्याचे नळ, शाळा, सगळीकडे गोऱ्यांची सोय वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. कृष्णवर्णीयांच्या घरांवर आणि चर्चवर इतके बॉम्बहल्ले झाले होते की लोक शहराला ‘बॉम्बिंगहॅम’ म्हणत. तिथले पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांच्या संघटनेने किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स या संघटनेला मदतीला बोलावलं आणि ३ एप्रिलला आंदोलन सुरू झालं.

१० एप्रिलला न्यायालयाने मोर्चे आणि निदर्शनांवर मनाई हुकूम काढला. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंग आणि त्यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी तो हुकूम झुगारून रस्त्यावर उतरले आणि पकडले गेले. किंग यांना एकांत कोठडीत टाकलं. त्याच तारखेचं अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं एक निवेदन वर्तमानपत्रात छापून आलं: निदर्शनं अविचारी आहेत, अवेळी आहेत, आणि त्यांत बाहेरच्यांचा हात आहे. पत्र हे त्या निवेदनाला उत्तर आहे. त्यावर तारीख आहे १६ एप्रिल १९६३. किंग तेव्हा ३४ वर्षांचे होते.

तुरुंगात एवढं मोठं पत्र लिहिलं कसं? कागद कुठून आला?

सुरुवात झाली ज्या वर्तमानपत्रात निवेदन छापलं होतं त्याच्याच मोकळ्या समासांत. मग तुरुंगात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कैद्याने कागदाचे कपटे पुरवले. शेवटी वकिलांना एक वही आत ठेवायची परवानगी मिळाली. हे तुकडे बाहेर गेल्यावर सहकारी वायट टी वॉकर यांनी ते लावून वाचले आणि विली पर्ल मॅकी यांनी टाइप केले. टाइप करणाऱ्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही, पण समासातलं ते गिचमीड अक्षर लागलं नसतं तर आज आपल्या हातात काही नसतं. पुढे आपल्या १९६४ च्या पुस्तकात घेताना किंग यांनी मजकुरावर हात फिरवला आणि तसं सांगूनही टाकलं. त्यामुळे ‘कोठडीत एका बैठकीत उतरलेलं’ वगैरे लिहू नका.

ते आठ धर्मगुरू कट्टर वर्णद्वेष्टे होते, बरोबर?

नाही. आणि बहुतेक प्रतिसाद इथेच घसरतात.

त्या आठांत एपिस्कोपल, मेथडिस्ट आणि कॅथलिक या ख्रिस्ती पंथांचे बिशप होते, एक प्रेस्बिटेरियन, एक बाप्टिस्ट पाद्री आणि एक ज्यू रब्बी होते. त्याच वर्षी १४ जानेवारीला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी शपथविधीच्या भाषणात ‘वर्णभेद आज, उद्या आणि कायम’ अशी घोषणा केली. त्यानंतर दोनच दिवसांत अलाबामातल्या धर्मगुरूंचं एक निवेदन आलं, आणि त्यात हीच मंडळी होती. न्यायालयांचे निर्णय पाळा, कायदा हातात घेऊ नका, असं त्यांनी तेव्हा गोऱ्या समाजाला सुनावलं होतं. त्या काळच्या अलाबामात एवढं बोलणंही धोक्याचं होतं. बाप्टिस्ट पाद्री अर्ल स्टॉलिंग्ज यांनी ईस्टरच्या रविवारी आपल्या चर्चची दारं कृष्णवर्णीयांना उघडली, आणि किंग यांनी पत्रातच त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. कॅथलिक बिशप जोसेफ ड्युरिक तर पुढे टेनेसीत नागरी हक्कांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले.

म्हणजे पत्र लिहिलंय ते सभ्य, सुशिक्षित, ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण…’ म्हणणाऱ्या माणसांना. पोलीस खात्याचा कारभार पाहणारा आणि निदर्शकांवर कुत्रे सोडणारा यूजीन ‘बुल’ कॉनर याला किंग यांनी पत्र लिहिलं नाही. लिहून उपयोगही नव्हता. हे एकदा लक्षात आलं की पत्रातला सूर कळतो: सुरुवातीला इतकी अदब का, मधेच इतका संताप का, आणि शेवटी ‘तुमचा वेळ घेतला’ म्हणून क्षमा का मागितली आहे. त्या क्षमेत एक चिमटाही आहे. आरामशीर टेबलाशी बसून लिहिलं असतं तर पत्र खूप लहान झालं असतं, असं ते म्हणतात. अरुंद कोठडीत माणूस एकटा असताना लांब पत्रं लिहिण्याशिवाय दुसरं करणार काय?

प्रतिसाद म्हणजे सारांशच ना?

सारांश दहा ओळींत संपवा. त्यापुढचं सगळं तुमचं असायला हवं.

‘मी’ असं लिहिलेलं चालतं का?

चालतं. ‘प्रस्तुत वाचकास असे वाटते’ चालत नाही.

मला पत्र पूर्ण पटलं. मग लिहू काय?

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात नेहमीचा प्रश्न. साठ वर्षांनंतर किंग यांच्या बाजूने उभं राहायला काहीच मोजावं लागत नाही. म्हणूनच ‘किती प्रभावी, किती प्रेरणादायी’ असे दोन पानं भरून आलेले प्रतिसाद वाचताना डोळे मिटायला लागतात.

एका विद्यार्थिनीने मात्र मला जागं केलं. तिने आधी धर्मगुरूंचं निवेदन वाचलं, मग पत्र. आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की निवेदन वाचताना ती मान डोलावत होती: वाटाघाटी करा, कोर्टात जा, रस्त्यावर गोंधळ नको, यात चुकीचं काय? पोलिसांचं कौतुक केलेला भाग सोडला तर मीही खाली सही केली असती, असं तिने सरळ लिहून टाकलं. मग पत्रातला एकेक मुद्दा घेऊन आपली ती सही कुठे डळमळायला लागली, ते दाखवत गेली. वाटाघाटींचा मुद्दा पहिला पडला. व्यापाऱ्यांनी दुकानांतल्या अपमानकारक पाट्या काढायचं कबूल केलं होतं, त्या भरवशावर शटल्सवर्थ यांनी निदर्शनं थांबवली होती, आणि थोड्याच पाट्या उतरल्या, त्याही परत लागल्या. हे किंग यांनी पत्रात दिलेलं आहे. ‘अवेळी’ हा आक्षेप त्यानंतर पडला. मार्चमध्ये महापौरपदाची निवडणूक होती म्हणून आंदोलन पुढे ढकललं, मग २ एप्रिलला फेरमतदान होतं म्हणून पुन्हा ढकललं. एक आक्षेप तिच्याकडून शेवटपर्यंत पडला नाही: तणाव मुद्दाम निर्माण करण्याची जबाबदारी कोण घेणार? तिने तो तसाच ठेवला.

असा प्रतिसाद मला हवा असतो. निवेदन मिळवा, पत्राच्या आधी वाचा, आणि कोणत्या वाक्यांवर तुमची सही पडली असती ते प्रामाणिकपणे खूण करून ठेवा. लिहायला काय, हा प्रश्न मग उरत नाही.

ते एक प्रचंड लांब वाक्य आहे, त्याबद्दल लिहावं का?

जरूर. पण ‘लांब वाक्यामुळे परिणाम साधला जातो’ एवढ्यावर थांबू नका.

‘थांबा’ हा सल्ला आपण वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ‘थांबा’चा अर्थ जवळजवळ नेहमीच ‘कधीच नाही’ असा निघालाय, असं सांगून किंग मूळ इंग्रजीत तीनशेहून अधिक शब्दांचं एकच वाक्य उघडतात. ‘जेव्हा तुम्ही…’, ‘जेव्हा तुम्ही…’ अशी पोटवाक्यं अर्धविरामांनी जोडलेली. वाचणाऱ्याला पूर्णविराम मिळत नाही, म्हणजे त्यालाही थांबून राहावं लागतं.

आता क्रम पाहा. सुरुवात जमावाने केलेल्या हत्यांपासून आहे. मग पोलिसांची मारहाण आणि खून. मग दोन कोटी माणसांची गरिबी. प्रत्येकाला एक-एक पोटवाक्य. आणि मग अचानक सगळा वेग मंदावतो, कारण सहा वर्षांची मुलगी विचारतेय की टीव्हीवर जाहिरात दाखवली त्या फनटाऊन बागेत मला का नेत नाही. बापाची जीभ अडखळते. मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं, तिच्या छोट्याशा मनाच्या आभाळात कमीपणाचे ढग जमताना त्याला दिसतात. खुनाला एक झटका आणि करमणुकीच्या बागेला एवढी जागा! हे उगाच नाही. जमावाचा हिंसाचार वाईट आहे हे त्या आठांनाही मान्यच होतं, त्यावर त्यांनी लगेच मान हलवली असती. पण बागेच्या फाटकाशी अडलेल्या मुलीला ‘जरा थांब’ सांगणं हे त्यांच्या रोजच्या सभ्य जगात बसत होतं, म्हणून किंग तिथे रेंगाळतात.

त्यानंतर पाच वर्षांच्या मुलाचा प्रश्न येतो, कुठलंही मोटेल घेत नाही म्हणून गाडीच्या कोपऱ्यात अवघडून काढलेल्या रात्री येतात, आणि शेवटाकडे हाकेची गोष्ट: वय कितीही असो, पुरुषाला ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारतात, बायकोच्या आणि आईच्या नावाआधी आदराचं ‘मिसेस’ कधी लागत नाही. हत्येपासून निघालेलं वाक्य नावापर्यंत येतं. एवढं सगळं झाल्यावर किंग अत्यंत शांतपणे म्हणतात की आता तुम्हाला समजेल, आम्हाला थांबणं कठीण का जातं. या एका वाक्यावर तुम्ही सबंध प्रतिसाद लिहिलात तरी तो भरभक्कम होईल.

अन्याय्य कायदा मोडायचा असं म्हटलं तर जो तो आपल्या सोयीने कायदे मोडेल. हा आक्षेप घेऊ का?

घ्या, पण किंग यांनी तो स्वतःच आधी मांडलाय हे विसरू नका. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल पाळा असा आग्रह आम्हीच धरतो आणि इकडे कायदे आम्हीच मोडतो, हे विसंगत दिसेल, असं ते म्हणतात.

त्यांचं उत्तर दोन पातळ्यांवर आहे. वरची पातळी धर्मशास्त्राची: अन्याय्य कायदा हा कायदाच नव्हे हे संत ऑगस्टीन यांचं मत, माणसाचं व्यक्तिमत्त्व उंचावणारा तो न्याय्य आणि खुजं करणारा तो अन्याय्य ही मध्ययुगीन धर्मपंडित अक्विनास यांच्यावरून काढलेली कसोटी. श्रोते धर्मगुरू आहेत, तेव्हा ही भाषा त्यांच्या घरचीच. पण किंग तिथे थांबत नाहीत, देव न मानणाऱ्यालाही तपासता येतील अशा कसोट्या देतात. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर लादलेला पण स्वतःला लागू न केलेला कायदा अन्याय्य. ज्यांना मतदानच करू दिलं नाही त्यांच्यावर लादलेला कायदाही अन्याय्य. अलाबामात अशाही काही काउंटी (म्हणजे जिल्हे) होत्या जिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही मतदारयादीत त्यांच्यातलं एक नाव नव्हतं. तिसरा प्रकार सगळ्यात गुंतागुंतीचा: कायदा कागदावर ठीक, पण वापरायची पद्धत अन्याय्य. मोर्चाला परवाना लागतो यात गैर काही नाही, मात्र तोच नियम शांततापूर्ण निषेध दाबायला वापरला की बात बदलते.

आणि मग अट. कायदा मोडायचा तो उघडपणे, प्रेमाने, आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून. ‘जो तो सोयीने मोडेल’ या आक्षेपाला अडवणारा खांब हाच आहे, कारण सोयीने कायदा मोडणारा माणूस तुरुंगात जायला तयार नसतो. तुमचा आक्षेप या खांबावर धडका मारणार असेल तर उत्तम. त्याला वळसा घालून जाणार असेल तर परत वाचा.

मध्यममार्गी गोऱ्यांवर एवढा राग का? ते तर अर्धे सोबतच होते.

म्हणूनच. किंग यांचा हिशेब असा आहे: क्लू क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेष्ट्या संघटनेचा माणूस कुठे उभा आहे ते स्पष्ट असतं, त्याच्याशी लढता येतं. पण न्यायापेक्षा शांतता आणि सुव्यवस्था ज्याला अधिक प्यारी, ‘ध्येय मान्य, मार्ग अमान्य’ असं जो म्हणतो आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचं वेळापत्रक जो आपल्या हाताने आखतो, तो वाट जास्त अडवतो. तणाव नसणं ही त्यांच्या मते नकारात्मक शांतता आहे. खरी शांतता म्हणजे न्याय असणं.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. सगळे गोरे एकसारखे असं किंग म्हणत नाहीत. राल्फ मॅकगिल, लिलियन स्मिथ, ॲन ब्रेडन अशी दक्षिणेतल्या गोऱ्या लेखक-कार्यकर्त्यांची नावं ते घेतात. नाव घेऊन आभार मानण्याइतके ते थोडे होते, हेही त्यातून कळतंच.

‘एका ठिकाणचा अन्याय सगळीकडच्या न्यायाला धोका’ हे वाक्य सुरुवातीला टाकू का?

कृपया नको. प्रत्येक दुसऱ्या प्रतिसादाची सुरुवात त्यानेच असते. वापरायचंच तर ते पत्रात कुठे बसलंय ते पाहा: ‘बाहेरचे लोक’ या आरोपाला दिलेल्या उत्तरात. किंग अटलांटाहून आले होते, आणि आधी आपल्याला रीतसर निमंत्रण आहे, आपल्या संघटनेची इथे शाखा आहे, हा साधा व्यवहारी खुलासा करतात. मगच ते वाक्य येतं. तिथून उचलून भिंतीवर लावलं की त्याचं सुभाषित होतं.

बायबलचे संदर्भ मला कळत नाहीत. अडेल का?

फारसं नाही. तीन पाहून ठेवा: राजाचा हुकूम मोडणारे शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो, सुवार्ता घेऊन गावोगाव फिरणारा पौल, आणि न्यायाचा प्रवाह वाहू दे म्हणणारा संदेष्टा आमोस. चर्चवरची टीका मात्र नीट वाचा. ती आतल्या माणसाची टीका आहे. किंग यांचे वडील, आजोबा आणि पणजोबा पाद्री होते.

शेवटी ते धमकी देत आहेत असं मला वाटलं. लिहिलं तर चालेल?

चालेल, आणि मुद्दा दमदार आहे. आपण दोन टोकांच्या मधे उभे आहोत असं किंग सांगतात: एकीकडे वर्णभेदाची सवय होऊन गप्प बसलेले, दुसरीकडे कृष्णवर्णीय मुस्लिम नेते एलायजा मुहम्मद यांच्या चळवळीसारखे गोऱ्यांवरचा विश्वास पार उडालेले. अहिंसक वाट बंद केलीत तर दाबलेला राग हिंसेतून बाहेर येईल, ही धमकी नव्हे, इतिहास आहे, असं ते म्हणतात. माझ्या मते ते इशारा देत होते आणि त्याचं वजन त्यांना पुरतं ठाऊक होतं. तुम्ही वेगळं ठरवू शकता, फक्त ‘धमकी नव्हे’ हे त्यांचं वाक्य गाळून ठरवू नका.

पोलिसांबद्दलचा भाग शेवटी का?

कारण तिथे अदब संपते. निवेदनात पोलिसांनी संयमाने सुव्यवस्था राखली अशी शाबासकी होती. निःशस्त्र माणसांना चावणारे कुत्रे तुम्ही पाहिले असते, म्हाताऱ्या बायांना ढकलताना पाहिलं असतं, तर इतक्या चटकन कौतुक केलं नसतं, असं किंग लिहितात. त्यात एक बारीक तपशील आहे: आम्हाला जेवणाआधीची प्रार्थना एकत्र गायची होती म्हणून दोनदा जेवण नाकारलं गेलं. धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात हाच तपशील निवडणं, याला मी लेखन म्हणते.

आपल्याकडच्या चळवळींशी तुलना करू का?

शेवटच्या परिच्छेदात, एकाच मुद्द्यावर, आणि दोन्ही बाजू तितक्याच माहीत असतील तर. नाहीतर तुलना म्हणजे पत्रापासून पळायची सोय होते.

शिक्षा आनंदाने भोगावी हे मला अजिबात पटत नाही. किंग यांना विरोध करता येईल?

करा ना. कायदा मुळातच अन्याय्य असेल तर त्याची शिक्षा स्वीकारून आपण त्यालाच मान्यता देत नाही का, हा प्रश्न बिनतोड आहे. किंग म्हणतात की समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी व्हावी म्हणून जो तुरुंग पत्करतो, तो कायद्याबद्दल सर्वोच्च आदर दाखवत असतो. त्यांच्याच अटकेचं पुढे काय झालं ते इथे कामाला येईल. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची शिक्षा कायम केली: मनाई हुकूम चुकीचा असला तरी आधी न्यायालयात आव्हान द्यायला हवं होतं. त्या वर्षी किंग पुन्हा अलाबामात तुरुंगात गेले. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, शटल्सवर्थ यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने त्याच मोर्चाबद्दलची दुसरी शिक्षा रद्द केली, कारण परवान्याचा नियमच घटनेत बसत नव्हता. नियम घटनाबाह्य, पण हुकूम मोडल्याची शिक्षा योग्य! तुमच्या विरोधाला यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

मसुदा झाला. आता काय तपासू?

नेहमी सापडणाऱ्या चुका सांगते. ‘माझं एक स्वप्न आहे’ हे या पत्रात नाही, ते २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण. अग्निशामक पाइपांतून केलेल्या पाण्याच्या माऱ्यापुढे उभी राहिलेली शाळकरी मुलंही पत्रात नाहीत, कारण तो प्रसंग मे महिन्याच्या सुरुवातीचा, पत्रानंतरचा. माल्कम एक्स यांचं नाव पत्रात येत नाही. पत्रामुळे बर्मिंगहॅमचा समझोता झाला असंही लिहू नका: १० मेला समझोता झाला तो रस्त्यावरच्या रेट्याने, बहिष्काराने आणि भरलेल्या तुरुंगांनी, तर पत्र मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोचलं मे महिन्यापासून पुढे, आधी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेल्या पुस्तिकेतून आणि मग मासिकांतून. नागरी हक्क कायद्यावर सही झाली २ जुलै १९६४ ला. आणि बर्मिंगहॅम अलाबामातलं. दरवर्षी कुणीतरी ते इंग्लंडला नेऊन ठेवतंच.